चष्मेवाल्या बदकाचें हिंवाळी घर

बदक म्हटलें कीं आपल्यापुढें एखादें तळें, कांठचें गवत आणि संथ पाणी उभें राहतें. आज ज्या बदकाविषयीं मी श्रोत्यांना सांगणार आहें, त्याला तळ्याची गरज वर्षांतून दोन-तीन महिनेच लागते. बाकीचें आयुष्य तें खाऱ्या पाण्यावर काढतें, आणि तेंहि असल्या ठिकाणीं कीं जेथें समुद्रच गोठून जातो. या कुळाला इंग्रजींत आयडर म्हणतात. मऊ पिसांच्या उबदार रजयांमुळें हें नांव कांहीं घरांत ऐकून ठाऊक असेल. मात्र तीं पिसें याच्या मोठ्या भावंडाचीं. आपल्या पक्ष्याचें नांव चष्मेवाला आयडर. नराचें डोकें फिकट हिरवें, आणि डोळ्यांभोंवतीं काळ्या कडेचीं दोन पांढरीं वर्तुळें. एखाद्या जुन्या पंतोजींनीं चष्मा चढवावा तसा हुबेहूब थाट! मादी तपकिरी रंगाची, पण तिलाहि अंधुकसा चष्मा आहेच.

कोकणच्या किनाऱ्यावर हा पाहुणा कधीं यावयाचा नाहीं. त्याचा मुलूख म्हणजे अलास्का व सैबेरिया यांमधला समुद्र. उन्हाळ्याच्या आरंभीं अलास्कांतील युकॉन व कुस्कोक्विम या नद्यांच्या मुखांशीं, अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, आणि सर्वांत अधिक संख्येनें सैबेरियाच्या उत्तर किनारपट्टीवर, दलदलींतल्या लहानलहान डबक्यांच्या कांठीं हीं बदकें घरटीं करतात. मादी पांच-सहा अंडीं घालते व सुमारें चोवीस दिवस तीं उबविते. उबवणी सुरू झाली कीं नर समुद्राकडे चालते होतात. गृहस्थधर्माची त्यांची कल्पना एवढीच!

हा पक्षी शास्त्रज्ञांना १८४७ पासून ठाऊक होता. पण तो हिंवाळा कोठें काढतो, हें मात्र कोणालाच माहीत नव्हतें. शरद् ऋतूंत लाखों पक्षी समुद्रावर जात, आणि वसंतांत परत येत. मधले कित्येक महिने ते जणूं पृथ्वीवर नसतच.

हें कोडें बराच काळ केवळ कुतूहलाचें राहिलें असतें. परंतु युकॉन-कुस्कोक्विमच्या मुखाशीं एक भयंकर गोष्ट घडूं लागली. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथें घरटीं करणारीं जोडपीं अदमासें अठ्ठेचाळीस हजार होतीं. १९९२ सालीं तीं दोन हजारांच्याहि खालीं आलीं. शंभरांतलीं शहाण्णव नाहींशीं झालीं! १९९३ सालीं अमेरिकन सरकारनें या जातीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचें संरक्षण दिलें.

एवढ्या ऱ्हासाचें एकच कारण सांगतां येत नाहीं. पण एक कारण हातीं लागलें, तें शिसें. बंदुकीचे छर्रे वर्षानुवर्षें त्या डबक्यांत पडत आले होते. तेथील जमीन खालीं कायमची गोठलेली, त्यामुळें छर्रे खोल न जातां चिखलाच्या वरच्या थरांतच राहतात. मादी तोच चिखल चाळून अन्न शोधते आणि एखादा छर्रा गिळते. पोटांतल्या पेषणींत तो झिजतो, आणि विष रक्तांत उतरतें. ज्यांच्या अंगीं शिसें भिनलें होतें अशा माद्यांपैकीं वर्षअखेर शंभरांत चव्वेचाळीसच वांचत. इतर माद्यांपैकीं अठ्ठ्याहत्तर वांचत, असें संशोधकांना आढळलें. तेथील युपिक लोक पिढ्यान्‌पिढ्या पाणपक्ष्यांच्या शिकारीवर पोट भरतात. त्यांना दोष देणें शहरांत बसून सोपें आहे. पण शिशाचा छर्रा कांहीं त्यांचा शोध नव्हे, तो बाहेरच्या बाजारानेंच त्यांच्या हातीं दिला. १९९१ पासून अमेरिकेंत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीं शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी आहे. तथापि चिखलांत पडून राहिलेलें शिसें कायद्यानें वर येत नाहीं.

आतां हिंवाळी घर शोधणें भागच होतें. कांहीं बदकांच्या शरीरांत बिनतारी संदेश पाठविणारीं चिमुकलीं यंत्रें बसविण्यांत आलीं, आणि उपग्रह ते संदेश टिपूं लागले. १९९५ सालीं हिंवाळा संपत आला असतां अशा संदेशांच्या मागावर संशोधक बेरिंग समुद्रावर विमानानें गेले. सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेस क्षितिजापर्यंत बर्फच बर्फ. आणि त्या बर्फाच्या चिरांत, मोकळ्या पाण्याच्या तुकड्यांत, हजारों बदकें अंगाला अंग लावून बसलेलीं! पुढील मोजणींत संख्या साडेतीन लाखांच्या वर भरली. बहुतेक सारे पक्षी सैबेरियाकडचे असले पाहिजेत. एकीकडे हायसें वाटावें अशी ही वार्ता. पण जगांतील जवळजवळ सारी जात एकाच तुकड्यांत बसली आहे, हें ऐकून जीव धास्तावावा अशीहि.

तीं तेथेंच कां बसतात? खालीं समुद्राचा तळ साठ-सत्तर मीटरांवर आहे, आणि त्यांत आपल्या तिसऱ्यांसारखे बारीक शिंपले विपुल आहेत. बदक तळापर्यंत बुडी मारतें, शिंपले सगळेच्या सगळे गिळतें, वर येतें आणि बर्फाच्या कडेवर चढून विसावा घेतें. म्हणजे ज्या बर्फाला आपण वैरी समजावें, तोच त्याचा ओटा. बर्फ नसेल तर लाटांवर सतत तरंगत राहावें लागतें, आणि शिंपल्यांतून मिळविलेली शक्ति तेथेंच खर्ची पडते.

२००१ सालीं हा हिंवाळी समुद्र, पिसें झडण्याच्या काळांतील उपसागर व नदीमुखांतील घरट्यांची जागा धरून सुमारें एक लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश कायद्यानें महत्त्वाचा ठरविला गेला. आणि २००८ पासून उत्तर बेरिंग समुद्रांत तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना मनाई आहे. युकॉन-कुस्कोक्विमच्या मुखाशीं संख्या पुढें कांहींशी सावरली, तरी जुन्या आकड्याच्या जवळपासहि ती गेली नाहीं. जागतिक सूचींत या जातीची गणना आज संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत होते.

छर्ऱ्यांवर बंदी घालतां येते, जाळीं अडवितां येतात. बर्फाचें तसें नाहीं. २०१८ च्या हिंवाळ्यांत बेरिंग समुद्रावर इतका थोडा बर्फ धरला, कीं उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून तेवढा कमी तोंपर्यंत कधींच आढळला नव्हता.