सालेर्नोचे हस्तिदंती मोहरे



पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात बुद्धिबळाचे सोळा हस्तिदंती मोहरे आहेत. ‘शार्लमेनचे मोहरे’ म्हणून ते ओळखले जातात. बगदादचा खलिफा हारून अल रशीद याने सम्राट शार्लमेनला हा डाव नजर केला, अशी आख्यायिका. हारूनने पाठवलेला एक जिवंत हत्ती ८०२ साली शार्लमेनच्या आखेन इथल्या दरबारात पोहोचला होता, ही गोष्ट मात्र खरी. तेव्हा हस्तिदंतही त्यानेच पाठवला असेल, असे लोकांना वाटले तर नवल नाही.

ही आख्यायिका मोडली ती एका प्याद्याने. सोळांत प्यादे एकच उरले आहे. त्याच्याजवळची ढाल पाहा: वर रुंद, खाली निमुळती. अशा ढाली अकराव्या शतकात नॉर्मन सैनिक वापरत, आणि शार्लमेन वारला ८१४ साली! म्हणून अभ्यासक हे काम अकराव्या शतकाच्या अखेरचे, दक्षिण इटलीतले, बहुधा सालेर्नोचे मानतात. हे शहर नॉर्मन सरदार रॉबेर ग्विस्कारने १०७६ साली घेतले. शेजारच्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांची इजिप्तकडे ये-जा असे. आफ्रिकेतला हस्तिदंत त्या वाटेने इथल्या कारागिरांच्या हाती पडे.

आणि काय हात होता त्या कारागिरांचा! राजा वीतभरही उंच नाही, पण तो बसला आहे खांबांच्या मंडपात, आणि दोन सेवक दोन्हीकडून पडदे बाजूला सारत आहेत. राणीच्या मंडपाचे पडदे दासी सारतात. आपल्याकडचा हा खेळ इराण आणि अरब देशांतून युरोपात गेला, तेव्हा वजिराची जागा तिथे राणीने घेतली. हत्ती मात्र टिकला, पाठीवरच्या स्वारांसकट. या डावात तो आपल्या उंटाच्या घरात उभा राही आणि कोपऱ्यात असे चार घोड्यांचा रथ. मोहरे इतके मोठे आणि जड आहेत, की ते खेळण्यासाठी नसून मिरवण्यासाठी घडवले असावेत, असे मला वाटते.

पुढे हा डाव पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात होता. फ्रान्सच्या राजांना तिथेच पुरत, आणि मठाच्या खजिन्यात शार्लमेनच्या नावाला फार मान. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या यादीत तीस मोहरे नोंदले आहेत. राज्यक्रांतीत खजिना फुटला, सोन्याचांदीच्या कितीतरी वस्तू वितळवल्या गेल्या. हस्तिदंत वितळत नाही. उरलेले मोहरे राष्ट्रीय संग्रहात आले. खोटे का होईना, पण एका सम्राटाचे नाव पाठीशी नसते, तर सालेर्नोच्या त्या अनाम माणसांचे काम इतकी शतके कोणी जपले असते, अशी मला शंका आहे.

श्रोत्यांपैकी कोणी पॅरिसला गेलेच, तर रिशलिय रस्त्यावरच्या ग्रंथालयाच्या संग्रहालयात जरूर जावे. आणि राजाला समोरून पाहून थांबू नये. मागच्या बाजूलाही कमानी कोरल्या आहेत, तितक्याच मन लावून.