झडपेवरील वजन

कुकरची शिटी वाजली, कीं घरांतील मंडळी ती मोजतात. ती कां वाजली, याचा विचार क्वचितच होतो. नळीच्या तोंडावरील वजन वाफेस ठराविक दाबापर्यंत अडवून धरतें आणि पुढें स्वतःच उचललें जाऊन तिला वाट देतें. ही युक्ति सुमारें साडेतीनशें वर्षांची जुनी असून तिचा जन्महि शिजविण्याच्या भांड्यावरच झाला. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें हाडें मऊ करणारें एक बंद भांडें मांडलें. तें फुटूं नये म्हणून त्यानें झांकणावर एक झडप योजिली व ती दांडीला टांगलेल्या वजनानें दाबून धरली. वजन दांडीवर जितकें दूर सरकवावें, तितका अधिक दाब आंत कोंडला जाई. सोय होती ती यांतच, आणि घातहि यांतच होता. कारण सरकविणारा हात माणसाचा.

१८०३ सालीं ग्रीनिच येथें रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या बाष्पयंत्राचें पात्र फुटून कामकरी प्राणास मुकले. ज्या पोऱ्यावर राखण सोंपविली होती तो मासे धरावयास गेला होता, अशी हकीकत सांगतात. दोष हलगर्जीपणाचा, यंत्राचा नव्हे, असें ट्रेव्हिथिकचें मत होतें. तें खरेंहि असेल. परंतु मत कवटाळून न बसतां त्यानें यंत्र सुधारलें, हें विशेष. पुढील पात्रांवर त्यानें दोन झडपा ठेविल्या व त्यांपैकीं एकीस चालकाचा हात लागूं दिला नाहीं. शिवाय पात्रांत शिशाची एक गुडदी बसविली. पाणी फार खालीं गेलें, कीं ती वितळून वाफ मोकळी होई.

पुढें आगगाडीचे चालक अधिक जोरासाठीं झडपा दाबून ठेवूं लागले. त्यावर जॉन रॅम्सबॉटम यानें १८५५ च्या सुमारास दोन झडपांमध्यें एकच स्प्रिंग व वर एक दांडी बसविली. दांडी ओढा कीं दाबा, एक झडप सैल पडावयाचीच! लबाडीस इतकें चोख उत्तर यंत्रशास्त्रांत विरळाच.

आजच्या कारखान्यांत मर्यादा आधीं पात्राची ठरते, मग झडपेची. पत्र्याची जाडी, सांध्यांची बळकटी, गंजण्यासाठीं सोडलेली जाडी व धातूची उष्णता हीं सर्व पाहावीं लागतात. तापलेल्या पोलादाची ताकद घटते. पात्राची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरास १० किलोग्रॅम ठरली, तर एकटी झडप १० च्या आंतच उघडावयास लागली पाहिजे, आणि वाफ पूर्ण वेगानें सुटत असतांहि दाब सामान्यतः ११ च्या वर जातां कामा नये. नित्याचें काम ९ च्या आसपास ठेवितात, नाहींतर झडप सदा फुसफुसत राहून तिची बैठक झिजते. वेळेवर उघडणारी झडप अरुंद असेल तरीहि व्यर्थ. जितकी वाफ निर्माण होईल तितकी बाहेर गेली पाहिजे.

कुकराच्या झांकणावर शिटीखेरीज जी एक लहान गुंडी असते, ती ट्रेव्हिथिकच्या गुडदीचीच नात. ती एकदां वितळली, कीं तशीच नवी आणून बसवावी लागते. त्या जागीं साधा खिळा ठोकून भांडें पुन्हां चुलीवर चढविलें, तर ज्या दिवशीं नळींत डाळीचें साल अडकेल त्या दिवशीं वाफेस दुसरी वाट उरणार नाहीं.