जिन्यातले कपाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावयाचा, अशी आपली प्रथा आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. परंतु हळदीकुंकू, सहली, पाककृतींच्या स्पर्धा यांची जंत्री अहवालात छापलेली आहेच. ती पुन्हा वाचून दाखवून मी तुमचा वेळ घेणार नाही. मला आज एका कपाटाविषयी बोलावयाचे आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या भागातल्या बंबवाल्यांविषयी.

आमच्या लहानपणी बंब दोन असत. एक न्हाणीघरातला, तांब्याचा, ज्यात भल्या पहाटे आई चार ढलप्या टाकून पाणी तापवी. आणि दुसरा रस्त्यातला, लाल रंगाचा, घंटा वाजवीत धावणारा. पहिला आता गेला. दुसरा आहे, पण तो आपल्या दारी येईपर्यंत आपल्याला त्याची आठवण होत नाही. तशी ती मलाही नव्हती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात आपल्या मंडळाने जवळच्या अग्निशमन केंद्रातल्या अधिकाऱ्यांना बोलाविले होते. ते आले, दोन जवानांना घेऊन आले. खाली अंगणात त्यांनी एका थाळ्यात आग पेटविली आणि आपल्यापैकी चौघींकडून ती विझवून घेतली. नळकांड्याची खीळ ओढावयाची, तोंड ज्वाळेवर न धरता आगीच्या बुडाशी धरावयाचे आणि मूठ दाबावयाची, एवढेच ते काम. पण पहिल्यांदा हात कसे थरथरतात, ते त्या चौघींना विचारा.

चौदा एप्रिलच का, तेही त्यांनी सांगितले. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. बंबवाले दुपारपासून पाण्याचा मारा करीत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला. त्या आगीत मुंबईच्या दलाचे ६६ जवान कामी आले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. माझ्या सासूबाई त्या वेळी दहा वर्षांच्या होत्या. फळीवरची भांडी खणखणत खाली आली आणि आईने आम्हां भावंडांना पोटाशी धरले, एवढे त्या नेहमी सांगत. जे जहाजाजवळ नळी धरून उभे राहिले, त्यांच्याही घरी फळीवर भांडी असतील, हे मात्र तोवर माझ्या मनात आले नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर अधिकारी इमारत पाहावयास जिन्याने वर गेले. सोबत कार्यवाह या नात्याने मी होते. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमधल्या वळणावर ते थांबले. तिथे आपल्या मंडळाचे कपाट उभे होते. सतरंज्या, समया, चहाची मोठी पातेली, सारा संसार त्यात. आणि त्याला टेकून घडीच्या खुर्च्या.

“काकू, हे इथून हलवा,” ते म्हणाले.

मी हसून म्हणाले, “साहेब, मंडळाचे आहे. आम्हां बायकांना जागा कोण देणार? आणि माणूस जाण्यापुरती वाट आहे की!”

ते म्हणाले, “उजेडात आहे.”

मी त्यांना चहा दिला. कपाट तिथेच राहिले.

त्याच वर्षी दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, चौथ्या मजल्यावरच्या एका वहिनींची कढई पेटली. चकल्यांचे तळण चालू होते. दारात पाहुणे आले, बोलण्यात दोन मिनिटे गेली, आणि तेलाने पेट घेतला. वहिनींनी घाबरून तांब्याभर पाणी ओतले. तुम्हीआम्ही काय केले असते? तेच. पण पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते तेल चहूकडे उडविते. ज्वाळा वर गेली, पडदा पेटला. पोरांना घेऊन वहिनी बाहेर धावल्या. दार उघडेच राहिले.

कोणीतरी १०१ फिरविला. मी खाली अंगणात होते. पाचव्या मजल्यावर आपल्या आक्का एकट्याच आहेत, हे मला ठाऊक होते. त्यांच्या सूनबाई बाजारात गेल्या होत्या. आक्कांचे वय तेव्हा ८१. मी त्यांना दूरध्वनी केला आणि ओरडून सांगितले, “आक्का, आहात तशा खाली उतरा!”

आक्का माझे ऐकत. काठी घेऊन त्या निघाल्या. तोवर उघड्या दारातून धूर जिन्यात भरला होता. वळणावर त्यांचा हात कपाटाला लागला, काठी खुर्च्यांत अडकली, खुर्च्या कोसळल्या आणि त्यांवर आक्का.

जवान तोंडावर मुखवटा लावून वर चढले, तेव्हा त्यांना काही दिसत नव्हते. भिंत चाचपीत जाताना एकाच्या हाताला खुर्ची लागली, मग नऊवारीचा पदर. त्याने आक्कांना पाठीवर घेतले आणि खाली आणले. त्या जिवंत होत्या, पण खुब्याचे हाड मोडले होते. आग पुढे दहा-पंधरा मिनिटांत विझली. वहिनींचे स्वयंपाकघर तेवढे जळाले.

आपले मंडळ ज्यांनी आपल्या घरच्या ओटीवर पाच बायका जमवून सुरू केले, त्या आक्का त्यानंतर दोन वर्षे होत्या. मंडळाच्या कार्यक्रमाला मात्र त्या पुन्हा आपल्या पायांनी आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात सोसायटीची सभा झाली. त्या सभेत मी तावातावाने बोलले. बंब उशिरा आला, वेळेवर आला असता तर आक्कांवर ही पाळी येती ना, आपण लेखी तक्रार करू, असे मी म्हणाले. टाळ्याही पडल्या. तक्रारीचा कागद घेऊन केंद्रावर जाण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

मी गेले. तेच अधिकारी होते. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि नोंदवही माझ्यापुढे ठेवली. वर्दी मिळाल्याची वेळ, गाडी निघाल्याची वेळ, आपल्या फाटकाशी पोहोचल्याची वेळ. फाटकापर्यंत यावयास त्यांना सात मिनिटे लागली होती, तीही दिवाळीच्या गर्दीत. फाटकापासून पहिली पाण्याची धार आगीवर पडेपर्यंत अकरा! वाटेत दोन मोटारी आडव्या लावलेल्या होत्या आणि त्यांचे मालक सापडेनात. दिव्यांच्या माळा कमानीवरून खाली लोंबत होत्या. मजल्यावरच्या पेटीत नळी होती, पण तिचे पितळी तोंड कधीच चोरीस गेले होते. जवानांनी खालून आपली नळी वर ओढीत नेली, आणि त्याच जिन्यात कपाट होते.

मी कागद परत घेतला. काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हणाले, “साहेब, तुम्ही मला सांगितले होते.”

ते म्हणाले, “काकू, आम्ही रोज कोणाला तरी सांगतो.” त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

मग त्यांनी मला बसवून घेऊन तास-दीड तास सारे समजावून दिले. ते मी वहीत उतरविले. त्यातले थोडे आज तुम्हांला सांगते. कारण तेवढ्यासाठीच मी उभी आहे.

कढई पेटली तर पाणी नाही. आधी हाताला येत असेल तर शेगडी बंद करावी, कढई हलवू नये, आणि मोठे झाकण किंवा परात कडेने सरकवीत तिच्यावर घालावी. हवा तुटली की आग मरते. झाकण लगेच उचलू नये, तेल निवू द्यावे. तळणाला बसताना परात शेजारी घेऊनच बसावे.

गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. दोन्हींत ठिणगी उडते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून दारे-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर यावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकाला कळवावे.

पेटलेल्या घरातून बाहेर पडताना दार ओढून घ्यावे. कडी-कुलूप नको, नुसते ओढून घ्यावे. त्या दिवशी वहिनींचे दार मिटलेले असते, तर धूर बराच वेळ घरातच राहिला असता आणि जिना मोकळा मिळाला असता. लिफ्ट वापरू नये. धुरातून जाणे भागच पडले तर वाकून, रांगत जावे. स्वच्छ हवा खाली असते.

आणि ज्याच्या जिन्यात धूर भरला आहे, त्याने उतरू नये. दार लावावे, फटीत ओला कपडा कोंबावा, गॅलरीत किंवा खिडकीशी येऊन हाक मारावी. आक्कांनी घरातच थांबावयास हवे होते, भगिनींनो. त्यांना खाली बोलाविणारी मी होते. हे मी त्यांना पुढे सांगितले. त्या म्हणाल्या, “अगं, तू मायेने बोलावलंस. पण कपाट कुठे ठेवलंस ते सांग.”

कपाट मी त्याच रात्री माझ्या बैठकीत आणविले होते. अजून ते तिथेच आहे. पाहुणे विचारतात, मी सांगते.

वर्दी देताना १०१ किंवा ११२ फिरवावा. पत्ता, जवळची ठळक खूण, काय जळते आहे आणि कोणी अडकले आहे का, हे सांगावे. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवू नये. आणि एका माणसाने फाटकाशी उभे राहावे. या बोलावण्याला मुंबईत पैसे पडत नाहीत. ‘उगाच कशाला’ म्हणून थांबू नये.

महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. आपल्यासारख्या सात मजली इमारतीतली आग विझविण्याची साधने चालू ठेवणे ही त्या कायद्याने मालकांची आणि राहणाऱ्यांची, म्हणजे आपलीच जबाबदारी आहे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, परवाना असलेल्या संस्थेकडून तपासणी करवून ‘ब’ नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. सोसायटीच्या सभेत आपण रंग कोणता लावावयाचा यावर दोन तास बोलतो. हा दाखला कुठे आहे, एवढे विचारावयास एक मिनिट पुरते. आता मी दर सहा महिन्यांनी विचारते. प्रथम चिटणीस माझ्यावर रागावत. हल्ली मी दिसले की आधीच दाखला पुढे करतात.

आपल्या मंडळानेही काही केले, ते नमूद केले पाहिजे. कोणत्या मजल्यावर कोण वृद्ध, कोण आजारी, कोणाला ऐकू येत नाही, याची यादी आपण केली आणि पहारेकऱ्याच्या चौकीत लावली. मोटारींसाठी पिवळी रेघ आखून घेतली. गेल्या वर्षी आपल्या मुलींना घेऊन केंद्र पाहावयास गेलो, तेव्हा एका दहा वर्षांच्या चिमुरडीने विचारले, “मुलींना घेतात का?” घेतात. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ साली तिथल्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात प्रवेश मिळविला. भारतातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्या ओळखल्या जातात. मुंबईच्या दलातही आता स्त्रिया आहेत. त्या चिमुरडीने घरी येऊन पहिले काम केले ते म्हणजे आपल्या दाराबाहेरची चपलांची मांडणी आत ओढली. तिची आई इथे बसली आहे. ती साक्ष देईल.

इतके सारे सांगून मी खाली बसले असते. पण आज सकाळी सजावट पाहावयास मी जिन्याने वर गेले. दोन मजल्यांमधल्या त्याच वळणावर भाड्याने आणलेल्या वीस खुर्च्या रचलेल्या होत्या. “संध्याकाळपुरत्याच आहेत हो,” असे मला कोणीसे म्हणाले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. माझाही तेव्हा नव्हता. त्या खुर्च्या मी आणि पहारेकऱ्याने खाली आणल्या. त्यांवर आपण आता बसलो आहोत.

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. समारंभ संपल्यावर खुर्च्या जिन्यात जाऊ नयेत. आणि घरी परतताना प्रत्येकीने लिफ्टने न जाता एकदा जिन्याने वर जावे, दिवा न लावता, भिंतीला हात लावीत. हाताला जे जे लागेल, ते ते आज रात्रीच आत घ्यावे.

आक्कांच्या स्मृतीला याहून वेगळी फुले मला सुचत नाहीत.