गर्भारपण आणि योगासने
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 माझे बोलणे लेकीसुनांसाठी आहेच. पण आया आणि सासूबाई यांनीही ते ऐकावे अशी विनंती आहे. घरात शब्द त्यांचाच चालतो.

या विषयात दोन टोके दिसतात. एकीकडे, 'दिवस गेले, आता हात वर करू नकोस' असा धाक. दुसरीकडे, मोबाईलवर आठव्या महिन्यात शीर्षासन करणारी बाई पाहून 'मग मी का नको?' ही हौस. दोन्ही टोके टाळावीत. प्रकृती ठीक असलेल्या गर्भवतीने आठवड्यातून निदान १५० मिनिटे बेताचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. चालणे आणि सोपी आसने त्यात बसतात.

मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. वार खाली असणे, रक्तदाब वाढलेला असणे, जुळे असणे किंवा पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झालेले असणे, या गोष्टी डॉक्टरांनी पाहायला हव्यात. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. तिचा लाभ घ्यावा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. या दिवसांत शरीरातील स्रावांमुळे सांधे सैल होतात. पूर्वी न वाकणारे अंग सहज वाकते आणि बाईला वाटते, आपली प्रगती झाली! खरे तर याच वेळी सांधा दुखावण्याचे भय अधिक. म्हणून जेवढे ताणता येईल तेवढे ताणू नये. थोडे अलीकडेच थांबावे. आसन करताना सहज बोलता आले पाहिजे. दम लागून शब्द तुटू लागला, की पुरे.

भिंतीचा आधार घेऊन ताडासन, हातागुडघ्यांवर मार्जारासन, पाठ टेकून बद्धकोनासन आणि श्वास न रोखता अनुलोम-विलोम, एवढे पुष्कळ झाले. पोटावर झोपून करायची भुजंगासन, शलभासन, धनुरासन ही आसने, पोटाला पीळ देणारी आसने, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, तसेच कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान आणि कुंभक वर्ज्य समजावेत. चौथ्या महिन्यानंतर शवासन उताणे पडून करू नये. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडावे. उन्हात, कोंदट खोलीत किंवा भरल्या पोटी आसने करू नयेत.

रक्त दिसले, अंगावरून पाणी गेले, राहून राहून कळा आल्या, छातीत दुखले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर आसन तिथेच सोडून दवाखाना गाठावा. 'लोक काय म्हणतील' म्हणून किंवा 'सकाळी पाहू' म्हणून थांबू नये. या लपवालपवीत जीव जातात.

शेवटी मनातले सांगते. 'आसने केलीस तर सुखरूप सुटशील' असे वचन सुनेला कोणी देऊ नये. आसनांनी कंबरेला आराम पडतो, झोप लागते, मन शांत राहते. पण बाळ आडवे असले किंवा त्याचे ठोके मंदावले, तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्यात बाईची कसूर नसते. पोटावर टाके घेऊन घरी आलेल्या मुलीला 'तू नीट व्यायाम केला नाहीस' हे ऐकवण्यासारखा दुसरा अन्याय नाही.

तिला द्यायचेच असेल, तर रोज अर्धा तास द्या. तेवढा वेळ स्वयंपाकघर आपण सांभाळू या.