हुकलेली रायफल

आमच्या घरात एक वाक्य वारंवार ऐकू यायचं. चहाची बशी खाली ठेवता ठेवता अब्बा मध्येच म्हणायचे, "ले लेनी थी." घ्यायला हवी होती. काय घ्यायला हवी होती, हे आम्ही भावंडं विचारत नसू. ती जमीन नव्हती, म्हैस नव्हती. ती होती रिग्बी कंपनीची, पॉइंट दोनशे पंचाहत्तर बोअरची, एक जुनी रायफल.

आमचं गाव परतवाडा. मेळघाटच्या पायथ्याचं, लाकडाच्या बाजाराचं. अब्बा एका ठेकेदाराकडे मुनीम होते. त्यांच्याकडे एकनळी बारा बोअरची बंदूक होती, रीतसर परवान्याची. जुम्म्याची नमाज झाली की दुपारी आमच्या ओट्यावर जुने शिकारी जमत. त्यात एक पाटील होते, जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक गार्ड होते आणि या सगळ्यांना जंगलातून फिरवून आणलेला एक म्हातारा कोरकू होता. मारलेल्या जनावरांच्या गोष्टी तिथं फार निघत नसत. निघत त्या हुकलेल्या बंदुकांच्या. कुणाची वेस्टली रिचर्ड्‌स शंभर रुपयांसाठी राहिली, कुणाची मॅनलिकर बायकोच्या आजारपणात हातची गेली. दर शुक्रवारी या बंदुका थोड्या अधिक सुंदर आणि थोड्या अधिक स्वस्त होत. कवी मंडळी न छापलेल्या संग्रहाबद्दल बोलतात, त्याची मला पुढे या ओट्यावरून आठवण यायची.

या स्वस्ताईला कारण होतं. पूर्वी जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत, फी भरून परवाना मिळे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आमचं मेळघाट होतं. शिकार संपली. ती संपली ते बरंच झालं, असं मला वाटतं. माझ्या हातून आजवर चिमणीही मेलेली नाही. पण घरोघरी भिंतीवर टांगलेल्या रायफलींचं करायचं काय? वाघासाठी घेतलेलं हत्यार रानडुकरांच्या राखणीला फार महाग, आणि मिरवायला पुन्हा परवान्याचं नूतनीकरण. लोक विकू लागले.

त्यात १९८३ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाला तीनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येणार नाहीत. अब्बांच्या मालकांकडे पाच होत्या. दोन काढायच्या होत्या, मुदत थोडी होती आणि गिऱ्हाईक कमी. मालकांनी अब्बांना बोलावून सांगितलं, "मुनीमजी, ही तुम्ही ठेवा. अठराशे द्या."

मी तेव्हा चौदा वर्षांचा. अब्बांबरोबर गेलो होतो. बोल्ट काढून त्यांनी रायफल खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून नळीतून आरपार पाहिलं. मग मला दाखवलं. आतले पेच वळत वळत प्रकाशाकडे गेलेले, आरशासारखे. जुनं हत्यार घेताना आधी हेच बघायचं असतं. काडतूस उडवून नळी साफ केली नाही की आत गंजाचे खड्डे पडतात, बाहेरून कितीही तेल लावा. मग बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर जुळतो का, अक्रोडाच्या दस्त्याला चीर आहे का. इथं सगळं जागच्या जागी होतं. शिवाय अब्बांना कुणीतरी सांगितलं होतं की जिम कॉर्बेटची रायफल हीच, याच कंपनीची, याच बोअरची. ते खरंच होतं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली कॉर्बेटला तशी रायफल भेट मिळाली होती.

अठराशे रुपये घरात होते. पण ते आपाच्या लग्नाचे होते. अब्बांनी रायफल परत दिली. ती एका संत्र्याच्या बागायतदारानं घेतली.

मग काही वर्षांतच परदेशी बंदुकांची खासगी आयात बंद झाली. देशात होत्या तेवढ्याच राहिल्या. किमती अशा चढल्या की ओट्यावरचे उसासे खरे वाटू लागले. "ले लेनी थी" हे वाक्य त्या काळातलं.

आता मला सांगायचं आहे ते १९९३ चं. मी बी. ए. होऊन कारकुनीला लागलो होतो, हातात पगार होता. त्या बागायतदारांना पैशांची अडचण आली आणि त्यांनी अब्बांना निरोप धाडला. रायफल आहे, बावीस हजार द्या. बाजारात तिला याहून कितीतरी जास्त आले असते. पण हिची कदर तुम्हालाच आहे, असं त्यांनी कळवलं होतं. अब्बांना दिसायला कमी झालं होतं. परवान्यावर दुसरं हत्यार चढवायचं म्हणजे अर्ज, पोलीस चौकशी, जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे. ते सगळं मी करायचं होतं. पैसेही मीच देणार होतो.

महिना एप्रिलचा होता. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळाली होती, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. वर्तमानपत्रं एके-छप्पन या शब्दानं भरलेली. आमच्या गावात तसं काही झालं नव्हतं. पाटील तसेच ओट्यावर येत होते. पण मी अर्जाचा कागद पुढे घेतला, वर अब्बांचं नाव लिहिलं आणि खाली "रायफल" हा शब्द लिहिला, तेव्हा ते दोन शब्द एका कागदावर मला बघवेनात. हा कागद कोणकोणत्या टेबलांवरून जाईल, कोण काय विचारेल, हे मी रात्रभर मनातल्या मनात पाहिलं. "कशाला पाहिजे?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला नळीतून प्रकाश बघायचा आहे, असं कुठल्या रकान्यात लिहिणार?

तो कागद मी फाडला. कुणी मला अडवलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मी कचेरीच्या पायरीपर्यंतसुद्धा गेलो नाही. अब्बांना सांगितलं, "महाग आहे. आणि तिची काडतुसं आता मिळत नाहीत." दुसरी गोष्ट बरीचशी खरी होती. आपल्या कारखान्यांत तीनशे पंधरा बोअरची काडतुसं बनतात, या बोअरची मिळणं मुश्कील होतं. पण अब्बांना काडतुसं नकोच होती. ते म्हणाले, "हां, महंगी तो है." त्या दिवसानंतर "ले लेनी थी" हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. त्यांना काही कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

२००६ साली ते गेले. एकनळी बंदूक मी पोलीस ठाण्यात जमा केली. वारसानं परवाना मागता येतो, मी मागितला नाही. ती साफ करायचा गज तेवढा घरात आहे, मच्छरदाणीच्या कामी येतो. २०१६ मध्ये कॉर्बेटची ती रायफल इंग्लंडहून भारतात आणून लोकांना दाखवली गेली. वर्तमानपत्रातला फोटो मी कापून ठेवला, तो अजून पाकिटात आहे.

२०१९ च्या शेवटी कायदा पुन्हा बदलला, तीनच्या दोन झाल्या. वर्षभराची मुदत. बागायतदारांच्या नातवाचा फोन आला. घरात तीन होत्या, एक काढायची होती. आजोबा तुमच्या वडिलांचं नाव घ्यायचे म्हणाला. तीन लाख. माझ्याकडे परवाना नाही, मिळण्याचं वय आणि कारणही नाही. तरी थंडीत एक दिवस गेलो. त्यानं बोल्ट काढून रायफल माझ्या हातात दिली. मी ती खिडकीकडे धरली. पेच तसेच होते, आणि पलीकडे एवढीशी गोल संत्र्याची बाग दिसत होती.

"किंमत थोडी कमी करता येईल, काका," तो म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "महाग नाही."