दक्षिण ध्रुवावरची शिल्लक

दुष्काळी मुलूख म्हटला, की माण, खटाव, आटपाडी हीच नावे आपल्या तोंडी येतात. वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी! पण जगातले सर्वांत जास्त बर्फ ज्या अंटार्क्टिका खंडावर आहे, त्याच्या मध्यभागी वर्षभरात पडणारे हिम वितळवून मोजले, तर पाणी भरते अवघे पन्नास मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या माणच्या फार तर आठवा हिस्सा.

मग एवढे बर्फ आले कोठून? याचे उत्तर शेतकऱ्याला लगेच पटेल. मिळकत थोडी, पण खर्च त्याहून थोडा. आपल्याकडे पडलेले पाणी ओढ्याने जाते, उन्हाने उडते. तिथे आतल्या भागात भर उन्हाळ्यातही पडलेला कण वितळत नाही. त्यावर नवा थर बसतो, खालचा दाबून त्याचे बर्फ होते. लाखो वर्षे हे असेच चालले आहे. खंड भारताच्या चौपटीहून मोठा आणि बर्फाची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर! आपले महाबळेश्वरही समुद्रसपाटीपासून एवढे उंच नाही.

हे पाहून आलेले माणूस आपल्याच मुलुखाचे आहे, बरं का! औंधच्या पंतप्रतिनिधींची नात, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत, १९८३-८४ सालच्या भारतीय मोहिमेत तिथे गेल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे उभे राहिले. पुढे काही वर्षांतच ते साचत्या हिमाखाली गाडले गेले, आणि ‘मैत्री’ हे नवे ठाणे १९८९ मध्ये उघड्या खडकावर बांधावे लागले.

हा ढीग स्वतःच्या वजनाने समुद्राकडे सरकतो, कडेला तुटतो. तोच त्याचा खर्च. अलीकडे मात्र ऊबदार झालेले समुद्राचे पाणी कडेचे बर्फ खालून पोखरते आहे, आणि खर्च मिळकतीवर चढला आहे. २००२ पासून उपग्रहांनी केलेल्या मापनात तूट निघाली ती वर्षाला सरासरी पंधरा हजार कोटी टनांच्या घरात. म्हणजे दरसाल काठोकाठ भरलेली पन्नास कोयना धरणे समुद्रात रिकामी!

शिक्षकबंधूंनी वर्गात एक करून पाहावे. दोन पेल्यांत पाणी घ्यावे. एकात बर्फाचा खडा तरंगत सोडावा. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून खडा त्यावर ठेवावा. दोन्ही पेल्यांवर पाण्याची खूण करावी. पहिला उत्तर ध्रुवाचा तरंगता बर्फ, दुसरा दक्षिणेचा. बर्फ विरघळल्यावर पाणी कोणत्या पेल्यात चढले, ते मुलांनाच सांगू द्यावे.