परदेशी नांदणाऱ्या लेकी
(वार्षिक सभेतील प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा संपादित भाग)



रुग्णालयाच्या सभेत परदेशातील संसारांचा विषय कशाला, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या सभागृहातील कित्येकांची मुलगी, भाची वा पुतणी आज न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात किंवा लंडनच्या आसपास नांदते आहे. तिच्यावर हात उगारला गेला, तर बहुधा ती पहिला फोन पोलिसांना करीत नाही, माहेरी करते.

आपल्याकडे निदान भिंतीपलीकडे आवाज जातो, शेजारची एखादी मावशी दार ठोठावते. तिकडे दारे-खिडक्या बंद, गाडी चालवता येत नाही, स्वतःच्या नावावर पैसा नाही, आणि देशात राहण्याचा हक्कच नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याच्या पत्नीला एच-४ व्हिसा मिळतो. २०१५ पर्यंत त्यावर नोकरीस मनाईच होती. त्या वर्षी मुभा मिळाली, तीही ज्यांच्या पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोहोचले आहे अशांनाच. म्हणून ‘व्हिसा रद्द करून परत पाठवीन’ ही धमकी तेथे काठीचे काम करते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

या स्त्रियांसाठी प्रथम उभ्या राहिल्या त्या त्यांच्यासारख्याच स्थलांतरित स्त्रिया. लंडनमध्ये १९७९ साली आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ स्थापन केली. न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’, तर न्यू यॉर्कमध्ये १९८९ साली ‘सखी’ सुरू झाली. आपली भाषा बोलणारी, ‘सासरचे काय म्हणतील’ या प्रश्नाचा अर्थ समजावून न सांगता कळणारी बाई समोर असणे, ही या संस्थांची खरी शक्ती. समाजातील प्रतिष्ठितांना मात्र अशी कामे खुपतात. आपली माणसे डॉक्टर, इंजिनिअर, सुसंस्कृत. आपल्यात असले काही नसते, ही समजूत जपायची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या मुठीत कोणाचा गळा आवळला जातो आहे, हे कोणी पाहावयाचे?

किरणजीत अहलुवालिया यांचे प्रकरण आपणांपैकी काहींना आठवत असेल. लग्न होऊन इंग्लंडला गेलेल्या या पंजाबी स्त्रीने दहा वर्षे मारहाण सोसली. घराण्याच्या इज्जतीपोटी तिला नांदण्यासच सांगितले गेले. १९८९ मध्ये तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटविले, तो मरण पावला आणि तिला जन्मठेप झाली. साउथॉलच्या संस्थेने प्रकरण लावून धरले. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि त्याच वर्षी, खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष मान्य होऊन, भोगलेली कैद पुरेशी धरून तिची सुटका झाली. येथील डॉक्टरमंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिच्या मानसिक आजाराविषयीचा वैद्यकीय पुरावा पहिल्या खटल्यात पुढे आलाच नव्हता.

म्हणूनच केसपेपरवर काय लिहिले जाते याला मोल आहे. ‘जिन्यावरून पडली’ एवढेच लिहून घेतले, तर पुढे न्यायालयात तिची बाजू कमकुवत होऊ शकते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते रुग्णालयाच्या आतच. दवाखान्यात जाण्यास बाईला घरातून सहसा अडवले जात नाही, हे त्यामागचे शहाणपण. परदेशातील रुग्णालयांत तर दुभाषाचाही प्रश्न येतो. नवराच दुभाषा झाला, तर ती काय सांगणार?

आता थोडे येथे बसलेल्या आई-वडिलांसाठी. फोन आला, तर ‘थोडे सांभाळून घे, मूल झाल्यावर सुधारेल’ असे कृपया म्हणू नका. परंतु ‘मुलाला घेऊन पुढच्या विमानाने ये’ असेही घाईने सांगू नका. मुलांच्या अपहरणाविषयीच्या हेग करारात भारत सामील नाही, आणि नवऱ्याच्या संमतीवाचून मूल घेऊन आलेल्या आईवर तेथे अपहरणाचा खटला होऊ शकतो. आधी तेथील संस्थेमार्फत वकील गाठावा. नवरा अमेरिकेचा नागरिक वा ग्रीन कार्डधारक असेल, तर १९९४ च्या कायद्याने अत्याचारपीडित पत्नीला त्याच्या नकळत स्वतःचा अर्ज करता येतो. एच-४ वरील स्त्रीचा मार्ग निराळा आणि अधिक बिकट आहे. पासपोर्ट, व्हिसा व विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या प्रती, लग्न ठरल्यापासूनच, माहेरच्या कपाटात असाव्यात. दागिन्यांची यादी आपण करतो, तशी हीही करावी.

विश्वस्तांकडे माझे मागणे एवढेच. बाह्यरुग्ण विभागाजवळ दार लावता येईल अशी एक खोली द्यावी आणि तेथे आठवड्यातून दोन दिवस तरी प्रशिक्षित समाजसेविका बसावी. रुग्ण म्हणून येणाऱ्या स्त्रियांचे ती ऐकेल. परदेशातील मुलीचा फोन आल्याने रात्रभर न झोपलेले आई-वडीलही तेथे बसू शकतील. खोलीवर कसलीही पाटी नसावी.